पैनगंगेच्या दोन काठांवरची लहर

इचोड्यात लाईट गेली की माणूस आधी ओट्यावर येतो आणि समोरच्या घराकडे बघतो. तिथे दिवा चालू असेल तर आत वळून सांगतो, "आपलाच फेज गेला." बोलणारा तेलुगू असो, मराठी असो, गोंड असो की उर्दू बोलणारा, हा शब्द सगळ्यांचा एकच. शेतावर गेलं तरी चौकशी याच शब्दाची. थ्री फेज आला का, किती वाजेपर्यंत राहील, डीपीवरचा एक फेज उडालाय का. रोज तोंडात असणारा हा शब्द खरं तर एका फार नाजूक गोष्टीचं नाव आहे आणि ती नीट मोजायला माणसाला शंभर वर्षं लागली, हे मला कळलं तेव्हापासून वायरमनच्या बोलण्याकडे माझं वेगळंच लक्ष असतं.

मराठी पाठ्यपुस्तकात फेजला 'कला' म्हणतात. चंद्राची कला म्हणतो तोच शब्द. आज चंद्राची कोर केवढी, या प्रश्नाचं उत्तर म्हणजे महिन्याच्या चक्रात चंद्र कुठवर आला ते. विजेचंही तसंच. तारेतला दाब शून्यातून चढतो, शिखराला जातो, उतरतो, शून्याखाली तितकाच खोल जातो आणि परत शून्यावर येतो. असं सेकंदात ५० वेळा. एका फेरीला २० मिलिसेकंद लागतात. फेरीचे ३६० अंश मानले, तर या क्षणी लहर कितव्या अंशावर आहे, ती तिची कला. आणि दोन लहरींच्या कलांमधला फरक म्हणजे कलांतर.

इचोड्याच्या डीपीवरून निघणाऱ्या तीन फेजांमध्ये हे कलांतर १२० अंशांचं असतं. एक लहर शिखरावर पोचली की दुसरी पावणेसात मिलिसेकंदांनी पोचते, तिसरी आणखी तेवढ्याच वेळाने. तिघींची उंची सारखी, आकार सारखा, वेगही सारखा. फरक फक्त कोण आधी, कोण नंतर याचा. आणि तेवढ्या फरकावर बोअरची मोटर फिरते. नवी मोटर बसवल्यावर पाणी जोर धरत नसेल, तर वायरमन म्हणतो, "उलटी फिरतेय." मग स्टार्टरमधल्या तीनपैकी कुठल्याही दोन तारा तो एकमेकींच्या जागी लावतो. मोटर सुलट फिरते, पाईप भरून पाणी येतं. दाब तोच, प्रवाह तोच, बदलला तो फक्त लहरींचा क्रम. लोखंड-तांब्याच्या त्या यंत्राला पावणेसात मिलिसेकंदांचं आधी-नंतर कळतं.

आता नकाशा घ्या. इचोडा नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावर आहे. उत्तरेला आदिलाबाद, त्यापुढे पैनगंगा. पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा, पाटणबोरी, मग पांढरकवडा. माणसांच्या दृष्टीने ही सीमा पातळ आहे. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा आदिलाबादेतून निघून मराठी मुलखात आले, पण नातीगोती, बाजार, सोयरीक नदीच्या दोन्ही अंगांना राहिली. कापूस इकडेही, तिकडेही. मराठी इकडेही, तिकडेही. विजेच्या दृष्टीने मात्र ही नदी ३१ डिसेंबर २०१३ पर्यंत दोन वेगळ्या जगांची सीमा होती. अलीकडच्या तारेतली लहर आणि पलीकडच्या तारेतली लहर यांचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. दोन्हीकडे २३० व्होल्ट, दोन्हीकडे ५० हर्ट्झ, बल्ब तोच, मोटर तीच. मग वेगळं काय? वेगळा होता ताल. एका ग्रीडमधली सगळी जनित्रं एकाच तालात फिरतात. तिथे भार वाढला की सगळी मिळून किंचित मंदावतात, भार उतरला की सगळी मिळून किंचित पळतात. रामगुंडमचं जनित्र दक्षिण ग्रीडच्या तालात फिरत होतं, चंद्रपूरचं पश्चिमेच्या. दक्षिणेत त्या क्षणी ४९.८ असेल, तर पश्चिमेत ४९.९. फरक हर्ट्झचा एक दशांश. पण त्याचा अर्थ असा, की दर दहा सेकंदांनी एक लहर दुसरीला पूर्ण एका फेरीने मागे टाकते. इचोड्यातली आणि पाटणबोरीतली लहर एका क्षणी हातात हात घालून शिखरावर असतील, पाच सेकंदांनी एक शिखरावर तर दुसरी तळाशी, आणखी पाच सेकंदांनी पुन्हा सोबत. त्यांचं कलांतर विचारलं तर उत्तर एकच, की ते थांबतच नाही.

तंबोरा जुळवताना हे ऐकू येतं. जोडाच्या दोन तारा एकाच षड्जावर आणायच्या असतात. थोडा फरक असला की आवाज भरतो-ओसरतो, भरतो-ओसरतो. खुंटी आवळत जवळ आलं की हे भरणं-ओसरणं मंद होत जातं, आणि तारा जुळल्या की थांबतं. वीजवाल्यांनीही हीच युक्ती दिव्यांनी केली. माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक लहानसं जनित्र आणि बाहेरून आलेली लाईन यांच्यामध्ये एक उघडा स्विच होता, आणि स्विचच्या दोन टोकांना बल्ब लावलेले. एकेका जागी दोन-दोन बल्ब एकापुढे एक, कारण लहरी उलटसुलट झाल्या की बल्बावर दुप्पट दाब पडतो. जनित्र फिरू लागलं की बल्ब भराभर उघडझाप करत. वेग जुळवत नेला की उघडझाप संथ होई. सावकाश उजळायचे, पूर्ण तेजाला जायचे, सावकाश मावळायचे, काही क्षण काळोख, पुन्हा तांबूस तार दिसू लागायची. बल्ब विझलेले असताना, त्या काळोखाच्या मधोमध, स्विच टाकायचा. टाकला की दोन्हींचा ताल एक. त्यानंतर जनित्राला स्वतःचा ताल उरत नाही. कलांतर डोळ्यांनी दिसू शकतं, हे मी तिथे पाहिलं.

पण काळोखाचा मधोमध कुठे, हे बल्ब नीट सांगत नाही. दोन लहरींत १० अंशांचं कलांतर असलं तर त्यांच्या फरकाचा दाब २३० व्होल्टांच्या लाईनीवर जेमतेम ४० व्होल्ट भरतो. दोन बल्बांत वाटला गेला की तार लालही होत नाही. म्हणजे काळोख हे उत्तर असलं तरी ते दहा अंश इकडे-तिकडे चुकलेलं असू शकतं. शिकाऊ जनित्राला ते चालतं, पाचशे मेगावॉटच्या यंत्राला नाही. तिथे चुकीच्या कलेवर स्विच टाकला तर ग्रीड त्या जड फिरत्या दंडाला एका झटक्यात आपल्या जागी ओढून घेतं, आणि तो झटका दंडाला पिळवटू शकतो. म्हणून मोजमाप नेमकं हवं.

सर्वांत सरळ उपाय सगळ्यांना सुचतो. पहिली लहर शून्य ओलांडते तो क्षण टिपा, दुसरी ओलांडते तो टिपा, मधला वेळ मोजा. ५० हर्ट्झला एक अंश म्हणजे साधारण ५५.६ मायक्रोसेकंद. मायक्रोसेकंद मोजणारं यंत्र आज स्वस्तातही मिळतं. मग अडचण कशात?

अडचण 'शून्य' या शब्दात आहे. लहर जराशी वर उचललेली असेल, तिच्या उंचीच्या फक्त एक टक्का, तर चढताना ती शून्य ०.५७ अंश आधी ओलांडते आणि उतरताना तेवढीच उशिरा. उंचीतल्या एक टक्क्याने कलेत अर्ध्या अंशाहून जास्त चूक. चढतानाचं आणि उतरतानाचं अशी दोन्ही मापं घेऊन सरासरी काढली तर ही चूक स्वतःच स्वतःला खोडते, इतकं बरं. पण खऱ्या तारेवर कचरा असतो. कुठे वेल्डिंग चालू, कुठे जिनिंगच्या मोटारी सुरू होताहेत, कुठे हजारो एलईडी दिवे लहरीचे लचके तोडताहेत. शून्याजवळ लहर थरथरली तर ती शून्य एकदा नाही, तीनदा ओलांडते. त्यातला खरा क्षण कोणता? अख्ख्या फेरीत लहरीने जे काही सांगितलं ते सगळं टाकून फक्त एका क्षणावर विश्वास ठेवला, ही त्या पद्धतीची मूळ चूक.

फ्रान्समध्ये ज्यूल्स लिसाजू यांनी १८५० च्या दशकात वेगळी वाट काढली. एक कंपन आडवं, एक उभं, आणि दोन्ही मिळून प्रकाशाच्या ठिपक्याला जी आकृती काढायला लावतील ती पाहायची. कलांतर शून्य असेल तर तिरपी रेघ, ९० अंश असेल तर वर्तुळ, मधे लंबवर्तुळ. ऑसिलोस्कोपच्या हिरव्या पडद्यावर ही आकृती तयार होताना पाहिली की नजर हटत नाही. दोन वारंवारता किंचित वेगळ्या असल्या तर रेघ उघडत लंबवर्तुळ होते, फुगत वर्तुळ होते, दुसऱ्या बाजूला कलत पुन्हा मिटते. पैनगंगेच्या दोन्ही काठांच्या लहरी तेव्हा एका पडद्यावर आणता आल्या असत्या तर ही आकृती सतत फिरत राहिली असती. सुंदर आहे, पण मापाला तोकडी. वर्तुळाच्या आसपास कोन पाच अंश बदलला तरी आकृती जवळजवळ तशीच दिसते.

मला थक्क करणारी युक्ती पुढची आहे. तिला ना पडदा लागतो, ना शून्य. फक्त गुणाकार आणि बेरीज.

एका फेरीत लहरीची उंची बारा वेळा मोजा, ३०-३० अंशांवर, घड्याळाच्या बारा आकड्यांसारखी. मग स्वतःजवळ एक शुद्ध लहर कागदावर ठेवा, तिचेही बारा आकडे: ०, ०.५, ०.८६६, १, पुन्हा ०.८६६, ०.५, ०, आणि मग हेच उणे. मोजलेला प्रत्येक आकडा या यादीतल्या जोडीदाराने गुणा आणि बारा गुणाकारांची बेरीज करा. दुसरी एक यादी घ्या, पहिलीपेक्षा पाव फेरी पुढे असलेली, आणि तेच पुन्हा करा. दोन बेरजा हाती येतात. पहिली सांगते, तुमची लहर पहिल्या यादीशी किती जुळते. दुसरी सांगते, दुसरीशी किती. दोन्हींच्या गुणोत्तरावरून कोन निघतो. तीच लहरीची कला. दुसऱ्या लहरीवर हेच करा, दोन कोनांची वजाबाकी करा. कलांतर हाती.

यात जादू कुठे? लहर एक टक्का वर उचललेली असेल तर ते उचललेपण बाराही आकड्यांत सारखं मिसळलेलं असतं. यादीतल्या बारा आकड्यांची बेरीज शून्य आहे, म्हणून ते उचललेपण गुणाकारांतून जाऊन शून्य होतं. लहरीत दीडशे हर्ट्झचा उपद्रव मिसळला असेल, तर त्याचीही या यादीशी गुणाकार-बेरीज शून्य. थरथर कधी अधिक, कधी उणे असते, ती बाराजणांत वाटली जाते आणि बरीचशी एकमेकीला खाऊन टाकते. जितके जास्त आकडे घ्याल तितकी ती क्षीण होते. सगळा कोंडा पाखडून जाऊन जी ५० हर्ट्झची शुद्ध लहर उरते तिचीच कला हाती येते, आणि ती एका क्षणाची साक्ष नसते, पूर्ण फेरीची असते. अट एकच, खिडकी पूर्ण फेरीची हवी. सव्वा फेरी घेतली की कोंडा धान्यात राहतो.

लहर नेमकी ५० हर्ट्झची नसेल तर? समजा ती ४९.९ आहे आणि आपण ५० च्या यादीने मोजतोय. मग मिळणारा कोन स्थिर राहत नाही, सेकंदाला ३६ अंश मागे सरकत जातो. आणि हे सरकणंच सांगतं की वारंवारता एक दशांशाने कमी आहे. म्हणजे जे कला मोजतं तेच वारंवारताही मोजतं, तीही वेगळ्या यंत्राशिवाय. हे मला अजूनही एखाद्या भेटीसारखं वाटतं.

तरी यंत्राचं स्वतःचं काय? दोन लहरी दोन वेगळ्या वाटांनी आत येतात, आणि दोन्ही वाटा तंतोतंत सारख्या कधीच नसतात. एकीत फिल्टर जरा आळशी, एकीची केबल लांब. केबलीत २०० मीटरला साधारण एक मायक्रोसेकंद जातो. उच्च दाबाच्या लाईनीवर तर दाब उतरवणारा मापनाचा ट्रान्सफॉर्मर स्वतःच कला किंचित हलवतो. ०.२ वर्गाच्या ट्रान्सफॉर्मरला मुभा असते १० मिनिटांची, म्हणजे अंशाच्या एक षष्ठांशाची. यंत्राच्या आतली चूक ओळखायचा मार्ग मात्र इतका साधा आहे की तो शोधणाऱ्याला नमस्कार करावासा वाटतो. एकदा मोजा. मग दोन तारांची अदलाबदल करून पुन्हा मोजा. खरं कलांतर दुसऱ्या वेळी उलट चिन्हाचं येतं, यंत्राची चूक मात्र तशीच राहते. दोन मापांची वजाबाकी करून अर्धं करा. चूक गेली, खरं उरलं.

एवढी काळजी कशाला, असं वाटत असेल तर घराच्या दारावरचा मीटर आठवा. आत गोल चकती फिरायची तो जुना. त्या चकतीवर दोन चुंबकी लहरी काम करतात, एक दाबाची, एक प्रवाहाची. दाबाच्या गुंडाळीला बारीक तारेचे इतके वेढे देतात की तिची चुंबकी लहर दाबापेक्षा जवळजवळ पाव फेरी मागे राहते, आणि उरलेलं थोडं कमी-जास्त तांब्याच्या लहानशा कड्याने नेमकं ९० अंशांवर आणतात. मग चकतीचा जोर दाब, प्रवाह आणि त्या दोघांच्या कलांतराची कोज्या (कोसाइन) यांच्या गुणाकाराइतका होतो. दाब-प्रवाहात पूर्ण ९० अंशांचं कलांतर असेल तर तारेतून प्रवाह वाहत असूनही चकती जागची हलत नाही. पंपाच्या मोटरीला कपॅसिटर लावायला सांगतात तेही या कलांतरासाठीच. मोटरीचा प्रवाह दाबाच्या मागे रेंगाळतो, कपॅसिटर त्याला पुढे ओढतो. हे कलांतर ६० अंशांचं असताना मीटर एका अंशाने चुकला तर वापरलेल्या विजेचा हिशेब तीन टक्क्यांनी चुकतो. एका अंशाला, म्हणजे सेकंदाच्या सुमारे अठरा हजाराव्या भागाला, पैशाची किंमत असते.

इथवर दोन्ही लहरी एका टेबलावर होत्या. आता त्यांना वेगळं करा. एक तार इचोड्यात, दुसरी सोलापुरात. दोन्हींतलं कलांतर मोजायचं आहे. इकडचा माणूस बारा आकडे घेतो, तिकडचा बारा घेतो. पण इकडचा 'आता' आणि तिकडचा 'आता' एकच आहे, हे कसं ठरवायचं? फोनवर "घे आता" म्हटलं तर आवाज पोचेपर्यंत लहर किती तरी फेऱ्या मारून जाते. घड्याळं एक मिलिसेकंद पुढेमागे असली तरी १८ अंशांची चूक. टेबलावर गुणाकार-बेरजेने मिळवलेली सगळी नेमकेपणाची कमाई त्या एका मिलिसेकंदात वाहून जाते.

इथे गोष्टीत एक मराठी नाव येतं. अरुण फडके. खरगपूरच्या आयआयटीतून १९५९ साली पदवी, पुढे अमेरिकेत शिक्षण, आणि तिथल्या एका मोठ्या वीज कंपनीत नोकरी. १९७० च्या दशकात ते संगणकाकडून लाईनींचं रक्षण करून घेण्याच्या खटपटीत होते. लाईनीवर बिघाड झाला की तो कुठला, किती दूर, हे संगणकाने एका फेरीच्या आसपास ओळखायचं. तेव्हाचे संगणक फार मंद होते. बिघाडाचे प्रकार दहा, त्यांच्यासाठी सहा समीकरणं, आणि नवा आकडा येण्याआधी सगळी सोडवायची, हे त्यांना झेपत नव्हतं. फडक्यांनी तीन फेजांचे आकडे एकत्र गुंफून तिन्हींची मिळून एक लहर काढायची जुनी गणिती रीत वापरली, आणि सहा समीकरणांचं काम एकावर आणलं. त्या कामात त्यांच्या ध्यानात आलं की बिघाड शोधता शोधता ही रीत लाईनीवरच्या दाबाची कला एका फेरीत फार नेमकी सांगून जाते. रक्षणासाठी केलेलं गणित मोजमापासाठी त्याहून मोलाचं होतं. मग हवा होता फक्त सामायिक 'आता'.

तो आकाशातून आला. जीपीएसचे उपग्रह जागा सांगतात ते मुळात वेळ सांगून. त्यांच्या अणुघड्याळांचा संदेश पकडणारं यंत्र आपल्या सेकंदाचा ठोका एका मायक्रोसेकंदाच्या आत बरोबर ठेवू शकतं. ५० हर्ट्झला एक मायक्रोसेकंद म्हणजे ०.०१८ अंश. बस्स, काम झालं! फडके १९८२ साली व्हर्जिनिया टेक विद्यापीठात गेले. तिथे १९८८ साली त्यांच्या प्रयोगशाळेत पहिलं यंत्र तयार झालं, जे प्रत्येक मापावर उपग्रहाच्या वेळेचा शिक्का मारून कला पाठवतं. तेव्हा सगळे उपग्रह वर गेलेलेही नव्हते. आता दोन गावांतल्या मापांना एकमेकांशी बोलायची गरज नाही. दोघं एकाच आकाशाकडे बघून आकडे घेतात, आणि वजाबाकी कुठेही बसून, कधीही करता येते. २००८ साली फडके आणि त्यांचे सहकारी जेम्स थॉर्प यांना या कामासाठी फ्रँकलिन पदक मिळालं. मराठी वाचकाला हे नाव जितकं माहीत असायला हवं तितकं नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

दूरवरचं कलांतर का महत्त्वाचं, याचं उत्तर या सगळ्या विषयातलं सर्वांत विलक्षण सत्य आहे. मोठ्या लाईनीवर वीज कुठून कुठे वाहते, हे दाबाच्या उंचीवरून ठरत नाही, कलेवरून ठरतं. दोन्ही टोकांना ४०० केव्ही, दाबात काडीचा फरक नाही, तरी हजार मेगावॉट वाहू शकतात. ते वाहतात पुढच्या कलेच्या टोकाकडून मागच्या कलेच्या टोकाकडे, कलांतराच्या ज्येच्या (साइनच्या) प्रमाणात. पाणी उंचीने वाहतं, वीज आधी-नंतरच्या फरकाने. इचोड्यात दिवा लागतो तेव्हा इथली लहर वीज जिथून येते तिथल्या लहरीपेक्षा किंचित मागे रेंगाळलेली असते. तो रेंगाळच तिला इकडे आणतो. कलांतर वाढत ९० अंशांकडे गेलं की लाईन याहून जास्त नेऊ शकत नाही. त्यापुढे ढकललं तर दोन टोकं एकमेकांचा हात सोडतात.

३० जुलै २०१२ च्या रात्री अडीचच्या सुमाराला बिना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची लाईन सुटली, आणि उत्तर ग्रीडचा बाकीच्यांशी ताल तुटला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच झालं, आणि उत्तर, पूर्व, ईशान्य असा जवळजवळ अर्धा देश अंधारात गेला. दक्षिणेचे दिवे चालू राहिले, कारण तिचा ताल वेगळाच होता. तोवर बाकीचे प्रदेश एकेक करून जुळले होते. १९९१ मध्ये पूर्व आणि ईशान्य, २००३ मध्ये त्यांना पश्चिम, २००६ मध्ये उत्तर. दक्षिणेशी देवाणघेवाण होती, पण ती एसीने नाही. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला एक केंद्र आहे, हजार मेगावॉटचं. तिथे एका बाजूची एसी डीसी करायची, म्हणजे तिची लहर पूर्ण सपाट करून टाकायची, आणि लगेच त्याच आवारात तिची दुसऱ्या बाजूच्या तालात नवी लहर घडवायची. कलेची आठवण पुसून वीज पलीकडे जायची. आदिलाबादपासून जवळ असलेली ही जागा दोन तालांमधली दुभाषी होती.

रायचूर आणि सोलापूर यांच्यामध्ये ७६५ केव्हीची लाईन उभी राहिली तेव्हा दुभाष्याशिवाय बोलायची वेळ आली. ३१ डिसेंबर २०१३ ला जे झालं ते माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या स्विचसारखंच होतं. फक्त एका बाजूला अख्खा दक्षिण भारत, दुसऱ्या बाजूला उरलेला देश. दोन्हीकडची वारंवारता जवळ आणायची, दाब जुळवायचा, आणि संथपणे सरकणारं कलांतर शून्याच्या अगदी जवळ येईल त्या खिडकीत स्विच टाकायचा. तो टाकला आणि काश्मीर ते कन्याकुमारी सगळी जनित्रं एका तालात आली. इचोड्यात त्या संध्याकाळी कुणाचा दिवा लुकलुकलाही नसेल.

नंतर वर्ध्याहून निजामाबादेला जाणारी ७६५ केव्हीची लाईनही आली. नकाशावर पट्टी ठेवून या दोन गावांना जोडा. रेघ पैनगंगा ओलांडते आणि इचोड्याच्या थोड्या पश्चिमेने खाली जाते.

मी कधी कधी मनातल्या मनात एक बल्ब लावतो. एक तार पाटणबोरीच्या फेजाला, एक इचोड्याच्या त्याच नावाच्या फेजाला, मधे पैनगंगेच्या पुलावर तो बल्ब. त्या संध्याकाळपर्यंत तो दर काही सेकंदांनी भरात येऊन विझत राहिला असता, वर्षानुवर्षं. त्यानंतर तो उघडझाप करत नाही, पूर्ण विझतही नाही. दोन काठांत दहा-वीस अंशांचं कलांतर उरतंच, कारण वीज वाहते आहे. त्या अंशांनी बल्बाची तार तांबूस तापलेली आहे. विजेची ओढ वाढली की ती किंचित उजळते, मध्यरात्री गावं निजली की मंद होते.